म्हणून दाखवा

यशवंत निमगडे फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात वारले. तेव्हा ते व्हेंटिलेटरवर होते. यंत्र काढायचे की नाही, हे ठरवणाऱ्या दुसऱ्या वैद्यकीय मंडळाची बैठक सोमवारी व्हायची होती. निमगडे अडुसष्ट वर्षांचे होते. चंद्रपूरजवळच्या वीज केंद्रातून ते शिफ्ट प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. आपल्याला यंत्रावर ठेवू नका, असे त्यांनी जवळच्या प्रत्येकाला सांगितले होते. नुसते सांगितले नव्हते, त्यांच्याकडून ते म्हणून घेतले होते.

ही म्हणून घेण्याची सवय कंट्रोल रूममधली. तिथे एकाने फोनवर सूचना दिली की दुसऱ्याने ती जशीच्या तशी परत म्हणायची, मग पहिल्याने ‘बरोबर’ म्हणायचे आणि त्यानंतरच हात हलवायचा, असा नियम आहे. बहुतेक लोक घरी जाताना तो कंट्रोल रूममध्येच ठेवतात. निमगडे तो घरी आणत. त्यांच्या लेखी ‘हो’ हे उत्तरच नव्हते.

“हो तर झोपेतला माणूस बी म्हणते,” ते सांगत. “काय आयकलं ते म्हणून दाखवा.”

वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीच्या फाटकासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या रेखाबाईंचीही यातून सुटका नव्हती. दोन कट चहा, एक बिनसाखरेचा, सोबत काही नाही, एवढेच सांगायचे असायचे. रेखाबाई पातेल्यावरची नजर न हलवता म्हणत, “दोन कट, एक बिनसाखरेचा, सोबत काई नाई, आन निमगडेसाहेबाचं डोस्कं.” निमगडे गंभीरपणे म्हणत, “शेवटचं सोडून बरोबर.”

मुलीच्या लग्नात भंतेजींनी त्रिशरण आणि पंचशील दिले. ते एक ओळ म्हणत आणि सगळा मांडव ती परत म्हणे. निमगडे व्याह्यांच्या कानाशी लागून म्हणाले, “पाहा, आपल्यात हे आधीपासूनच आहे. कंट्रोल रूमवाले मागून आले.” व्याही चामोर्शीकडचे धानाचे शेतकरी. त्यांना कशाबद्दल बोलणे चालले आहे हे कळले नाही, पण त्यांनी मान डोलावली. निमगडे यांनी त्यांनाही म्हणून दाखवायला लावले, असे त्यांची पत्नी शशिकलाबाई सांगत. ते खरे नसावे.

माझी त्यांची ओळख बातमीच्या निमित्ताने झाली. वीजनिर्मितीचे एखादे युनिट थांबले की आम्ही वार्ताहर वीज केंद्रात ज्याचा नंबर असेल त्याला फोन करत असू. निमगडे माहिती देत नसत; तो त्यांचा अधिकार नव्हता. पण छापून आल्यावर चूक सांगायला त्यांचा फोन हमखास येई. “तुम्ही ‘बंद पडलं’ लिवलं. ते बंद पडलं नाई, बंद केलं. दोघांत फरक आहे. काय फरक आहे, म्हणून दाखवा.” मी म्हणून दाखवत असे. निवृत्तीनंतर ते वसाहतीबाहेर दुर्गापूर रस्त्यावर बांधलेल्या घरी राहायला आले आणि आमच्या गाठी वाढल्या.

घराच्या चार दुकाने अलीकडे हमीदभाईंचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. जळालेले पंप आणि पंखे तिथे येतात, तांब्याची नवी तार गुंडाळून परत जातात. निमगडे रोज सकाळी तिथल्या बाकावर बसत. संध्याकाळचे फिरणे बिबट्यामुळे बंद झाले होते. वीज केंद्राच्या मागच्या झुडपात त्याचा मुक्काम असे आणि दिवस मावळला की लोक काठी घेतल्याशिवाय बाहेर पडत नसत. त्यामुळे बोलणे काय ते सकाळीच व्हायचे, आणि ते बहुतेक वेळा मरणाबद्दल असे.

याला कारण होते. निमगडे यांचे थोरले भाऊ गोंडपिपरी तालुक्यातल्या त्यांच्या मूळ गावी तोंडाच्या कर्करोगाने गेले. जबडा काढला होता, नाकातून नळी होती. गावचे लोक भेटायला येत आणि ओसरीवर बसून जात. आत जायची हिंमत फार थोड्यांना होई. शेवटच्या पावसाळ्यात निमगडे रजा काढून तिथे राहिले. भावाला बोलता येत नव्हते. त्याने बोटाने धाकट्याच्या तळहातावर ‘पुरे’ असे लिहिले. निमगडे यांनी ते मोठ्याने म्हणून दाखवले. भावाने मान हलवली.

“बरोबर म्हणाला तो,” निमगडे सांगत. “सूचना पक्की झाली. आन माझ्या हातात एक बी स्विच नाई. त्यानंतर किती दिवस काढले त्यानं. मी बाजूले बसून होतो, बस.”

तेव्हापासून त्यांचे मत ठरले होते. बरा न होणारा आजार, सहन न होणारे दुखणे आणि शुद्धीवर असलेला माणूस, या तिन्ही गोष्टी असतील तर त्याने मागितल्यावर डॉक्टरने त्याला सुटायला मदत करावी आणि कायद्याने ती करू द्यावी, असे ते म्हणत. आपल्याकडे कायदा तसा नाही, हे त्यांना माहीत होते. औषध देऊन मरण आणणे हा गुन्हा आहे. कोर्टाने मान्य केला आहे तो फक्त कृत्रिम उपचार नाकारण्याचा हक्क. निमगडे दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवून बोलत. कोणी गडबड केली तर थांबवत.

हमीदभाईंना दोन्ही मान्य नव्हत्या. हातातली तार न सोडता ते म्हणत, “जान अमानत आहे, यशवंतभाऊ. ज्याची आहे तो घेऊन जाईन. आपण काऊन मधात पडायचं?”

“मशीन लावता तेव्हा मधात पडून नाई राह्यले का?”

“ते तर दवा आहे.”

“हवा आहे. दवा कुठी आहे त्याच्यात?”

“पाह्य, तुमचं ते जुनं युनिट. दरवर्षी म्हणतात बंद करू, बंद करू. ठिगळं लावून चालवूनच राह्यले ना? आन स्वतःले बंद करायची भारी घाई.”

या वाक्यावर निमगडे जे उत्तर देत ते त्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना पाठ झाले होते. टर्बाइन बंद केले म्हणून लगेच थांबू देत नाहीत. दांडा तापलेला असतो. तसाच थांबवला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो. म्हणून एक छोटी मोटार त्याला सावकाश फिरवत ठेवते, पार थंड होईपर्यंत. “बंद करणं हे बी काम आहे, हमीदभाई. चालवण्यापेक्षा नाजूक काम. अन् माणसाच्या बाबतीत ते कोणालेच शिकवलं नाई. डॉक्टरले नाई, घरच्यायले नाई.”

एकदा मात्र हमीदभाईंनी त्यांना गप्प केले. निमगडे आपल्या मनातला कायदा सांगत होते. रोग्याने तीनदा मागायचे, तीन वेगळ्या माणसांसमोर, वेगळ्या दिवशी. प्रत्येकाने त्याचे म्हणणे परत म्हणून दाखवायचे, रोग्याने बरोबर म्हणायचे. मगच पुढचे पाऊल.

हमीदभाई म्हणाले, “आन गरिबाच्या घरी का होईल सांगू? तिथी बुढा मागणार नाई. त्याले मागायले लावतील. ‘म्हण बाबा, म्हण. तिसऱ्यांदा म्हण. डॉक्टरसाहेब आले, त्यायच्या समोर म्हण.’ तुमचीच पद्धत राहीन, साहेब.”

निमगडे यांनी चहा संपवला आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “काल तुम्ही म्हटलं त्याले माझ्यापाशी उत्तर नाई.” हमीदभाईंनी त्यांना सरकून जागा दिली.

बुद्ध विहारातही असेच झाले होते. रविवारच्या वंदनेनंतर त्यांनी विषय काढला तेव्हा मागच्या रांगेतली एक म्हातारी बाई उठून म्हणाली, “बापू, पयलं शील का आहे? तूच म्हण.” जीवहिंसा करणार नाही, हे पहिले शील निमगडे यांनी म्हटले आणि ते खाली बसले. पुढच्या रविवारी उभे राहून म्हणाले, “बाई, आठवडाभर विचार केला. तुमचं बरोबर आहे. पन माझ्या भावाचं बी बरोबर होतं. दोन्ही कसं बरोबर, ते मले नाई समजत.” वाद जिंकण्याची त्यांना हौस नव्हती.

त्यांचा स्वतःचा आजार आधी डाव्या हातात दिसला. कुलपात किल्ली फिरेना. मग बाराखडीतली काही अक्षरे जिभेवरून घसरू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. हात, पाय, जीभ, गिळणे आणि शेवटी श्वास या क्रमाने किंवा थोड्या वेगळ्या क्रमाने जाईल, बुद्धी राहील, औषध नाही. निमगडे यांनी हे सगळे डॉक्टरांना परत म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाले, “बरोबर.” हे मला शशिकलाबाईंनी सांगितले.

त्या आठवड्यात त्यांनी आपले वाक्य तयार केले. त्यानंतर ते बदलले नाही. “श्वास थांबू लागला तर मशीन लावायचं नाई. नागपूरले न्यायचं नाई. घरी ठेवायचं, खिडकी उघडी, अन् शशी जवळ.” खिडकीबद्दल शशिकलाबाईंची कायमची तक्रार होती, कारण ती उघडली की पलंगपोसावर वीज केंद्राच्या राखेचा थर बसे. “ती राख माझ्याच हातची आहे, येऊ दे,” असे ते म्हणत.

हे वाक्य त्यांनी शशिकलाबाईंकडून म्हणून घेतले. मुलगी प्रज्ञा चामोर्शीला शाळेत शिकवते. तिच्याकडून फोनवर घेतले. प्रवीण चहांदे यांच्याकडून घेतले. प्रवीण त्यांच्या हाताखाली शिकलेले, आता स्वतः शिफ्ट सांभाळतात, मागच्या गल्लीत राहतात. प्रवीण यांनी सावधान उभे राहून ते शब्दाशब्दाने म्हटले, कारण सरांपुढे दुसरी रीत त्यांना माहीत नव्हती. माझ्याकडूनही घेतले.

हमीदभाईंनी नकार दिला.

“मी आयकलं,” ते म्हणाले. “म्हणून दाखवणार नाई.”

“काऊन?”

“म्हटलं तर मले ते करा लागंन. जे मले करायचं नाई ते मी तोंडानं काऊन म्हणू?”

निमगडे यांनी दोनदा आग्रह केला. हमीदभाई पंख्याची जाळी उघडत राहिले. त्यानंतर महिनाभर या दोघांत थोडे अवघडलेपण होते. निमगडे बाकावर येत, पण टोकाला बसत.

हे सगळे कागदावर उतरवून साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तर कोर्ट ते मानते, डॉक्टरांनाही आधार मिळतो, असे मी त्यांना सांगितले होते. त्यांनी ऐकून घेतले. “कागद नंतरच्या चौकशीले कामी येते,” ते म्हणाले. “युनिट जाते तेव्हा कोणी कागद वाचत बसत नाई. तेव्हा आवाज लागते. चार जणांच्या तोंडात माझं वाक्य आहे. चार ठिकाणी पक्कं केलं आहे.” नंतर प्रज्ञानेही धरून बसल्यावर ते कबूल झाले. शाळेच्या परीक्षा झाल्या की ती येईल, तेव्हा करू, असे ठरले.

बोलणे अस्पष्ट झाले तसा त्यांच्या सवयीचा अर्थ उलटा झाला. आता समोरच्याने ऐकले की नाही हा प्रश्न नव्हता. आपले बोलणे कळले की नाही, हे त्यांनाच पाहावे लागे. त्यांनी काही म्हणायचे, आपण ते परत म्हणायचे, चुकले तर त्यांनी पुन्हा म्हणायचे. पूर्वी जी कटकट वाटे तिच्याशिवाय आता घर चालत नव्हते. त्यांची जड झालेली भाषा सगळ्यांत लवकर हमीदभाईंना कळे. बाकावर येणे बंद झाले तेव्हा ते दुकान उघडण्याआधी घरी जाऊ लागले. एका सकाळी मी तिथे होतो. निमगडे बराच वेळ काही सांगायचा प्रयत्न करत होते. शशिकलाबाईंना कळेना, मला कळेना.

हमीदभाई म्हणाले, “रेखाबाईच्या टपरीवरचा पंखा मी दुरुस्त केला का, इचारून राह्यले. केला, साहेब. आन चहा अजून तसाच पांचट आहे.”

निमगडे यांनी डोळे एकदा मिटले. जीभ थकली की एकदा म्हणजे बरोबर, दोनदा म्हणजे चूक, असे त्यांनी ठरवून दिले होते.

मरणाच्या काही दिवस आधी, फेब्रुवारीतल्याच एका सकाळी शशिकलाबाई त्यांना तांदळाची पेज भरवत होत्या. घास श्वासनळीत गेला. चेहरा निळा पडला, छाती आत ओढली जाऊ लागली. शशिकलाबाईंनी प्रवीण यांना हाक मारली. प्रवीण रात्रपाळी करून आलेले, सोबत शिफ्टमधले आणखी दोघे. पुढचे सगळे फार लवकर झाले. कोणी गाडी बोलावली, कोणी पाठीवर थापट्या मारल्या, कोणी पाय धरले. चंद्रपुरात नळी घातली गेली आणि तसेच त्यांना नागपूरला पाठवले गेले. प्रज्ञाने प्रवीण यांना फोन केला तेव्हा गाडी नागपूरकडे धावत होती.

“दादा, बाबांनं नाई म्हटलं होतं ना?”

“ताई,” प्रवीण म्हणाले, “वरोरा मागं गेलं आता.”

पुढे हे त्यांनीच मला सांगितले, अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्च्यांवर. युनिट गेले की आधी ते उचलायचे, म्हणजे पुन्हा चालू करायचे, कारण नंतर शोधायचे, हे त्यांना पहिल्या वर्षी निमगडे यांनीच शिकवले होते. “हात आपोआप चालले,” ते म्हणाले. “सरचं वाक्य मले पाठ आहे. आताबी म्हणून दाखवतो. पन ते मी आयकलं म्हणून म्हटलं होतं. करीन म्हणून नाई. आमच्या इथी म्हणून दाखवणं म्हंजे आयकलं, एवढंच असते.”

हमीदभाई पलीकडे बसले होते.

शशिकलाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. “मीबी म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “दहादा म्हटलं. पन समोर माणूस श्वासासाठी तडफडून राह्यला होता. म्हणणं येगळं असते, भाऊ. पाहणं येगळं.”

डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते. फुप्फुसात जंतुसंसर्ग वाढला होता. गुंगीचे औषध कमी केले की रोगी डोळे उघडतो, पण त्याला किती कळते याची खात्री नाही, असे त्यांनी सांगितले. यंत्र काढायचे तर रुग्णालयातले एक मंडळ आणि त्यानंतर दुसरे मंडळ, दोघांची संमती लागते. लेखी काही असते तर काम सोपे झाले असते. रोग्याची इच्छा काय होती, हे कोणी त्याच्यासमोर सांगू शकेल का, असे त्यांनी विचारले. प्रज्ञा आदल्या रात्रीपासून रडून बोलण्याच्या स्थितीत नव्हती. शशिकलाबाईंनी मान खाली घातली. प्रवीण उठले आणि पुन्हा बसले.

“मी सांगतो,” हमीदभाई म्हणाले.

प्रवीण यांनी त्यांच्याकडे पाहिले. “भाई, तुमचं तर मत…”

“माझं मत आहे तेच आहे. डॉक्टरसाहेब माझं मत नाई इचारून राह्यले.”

एका वेळी दोघांनाच आत सोडत. हमीदभाई गेले आणि डॉक्टरांनी मलाही येऊ दिले. निमगडे यांच्या तोंडात नळी होती, ती चिकटपट्टीने गालाला धरून ठेवलेली. हात चादरीवर सरळ ठेवले होते. डॉक्टरांनी नावाने हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. नजर छताकडे होती, मग खाली आली.

हमीदभाईंनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. ते पलंगाच्या कठड्याला धरून उभे राहिले.

“यशवंतभाऊ, म्हणून दाखवतो,” ते म्हणाले. “श्वास थांबू लागला तर मशीन लावायचं नाई. नागपूरले न्यायचं नाई. घरी ठेवायचं, खिडकी उघडी, अन् शशी जवळ.”

निमगडे यांनी डोळे मिटले आणि उघडले. डॉक्टर आणखी काही वेळ वाट पाहत उभे होते. डोळे दुसऱ्यांदा मिटले नाहीत.